पुन्हा या म्हटल्यावर परत कोण येतं? मुलांच्या दातांवरच्या प्रयोगांचा इतिहास

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. टूथपेस्टच्या खोक्यावर ‘चाचणीत सिद्ध’ असं काहीतरी छापलेलं असतं. आपण ते वाचतो आणि विसरतो. पण ते सिद्ध होण्यासाठी कुणाची तरी मुलं तोंड उघडून बसलेली असतात. तीही एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी, सलग दोन-तीन वर्षं. ही मुलं आली कुठून? कुणाला विचारून आणली? मधेच ती यायची बंद झाली तर काय झालं? मी दंतवैद्य नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे, आणि मला दातांपेक्षा या प्रश्नांचं कुतूहल जास्त आहे.

आधी अडचण समजून घेऊ. ताप दोन दिवसांत उतरला की नाही ते कळतं. दात किडायला मात्र महिने, वर्षं लागतात. म्हणजे एखादा उपाय चालतो की नाही हे बघायचं तर तेच मूल वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटलं पाहिजे. मूल एकटं येत नाही. त्याला आणायला कुणाला तरी रजा टाकावी लागते, रोजगार बुडवावा लागतो. त्यात दुधाच्या दातांबद्दल आपल्याकडे, आणि जगभरच, एक ठरलेलं उत्तर आहे: पडणारच आहेत, कशाला एवढा खटाटोप? शिवाय दुधाची दाढ पडली की संशोधकाचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. आपण तो छपरावर फेकतो, एवढाच फरक.

या अडचणीवर विसाव्या शतकाने शोधलेलं पहिलं उत्तर सरळ होतं. जे कुठे जाऊच शकत नाहीत त्यांना घ्या.

याचं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण मुलांचं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांसाठीची मोठी संस्था होती. १९४५ ते १९५३ या काळात तिथल्या रहिवाशांवर आहाराचे प्रयोग झाले. साखरेने दात किडतात का, आणि किडत असतील तर कधी, हा प्रश्न होता. काही गटांना दिवसाला ८, काहींना २४ अशा मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या दिल्या गेल्या. अनेकांचे दात कायमचे गेले. परवानगी कुणाला विचारली नव्हती. विचारायची पद्धतच नव्हती असंही म्हणतात, पण मला ते अर्धसत्य वाटतं. न्यूरेंबर्गचा निकाल १९४७ चा आहे आणि त्यात संमतीचा मुद्दा पहिलाच होता. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले: साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसात किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला महत्त्व आहे. आज स्वीडिश घरांत मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटं मिळतात, त्या प्रथेचं मूळ या प्रयोगात आहे. शोध खरा ठरला, आणि तो मिळवला तो नाही म्हणता न येणाऱ्या माणसांकडून. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून सौम्य आहे. न्यू साउथ वेल्समधल्या बोराल गावी १९४० च्या दशकात लेस्ली ओवेन बेली या व्यापाऱ्याने होपवुड हाऊस नावाचं बालगृह चालवायला घेतलं. सुमारे ८५ मुलं तिथे वाढली. बेली निसर्गोपचारवाला होता. त्यामुळे मांस नाही, मैदा नाही, साखर जवळपास नाही, भाज्या बऱ्याचशा कच्च्या. हा कुणी आखलेला प्रयोग नव्हता, ती त्या घराची रीत होती. १९४७ पासून सिडनीचे दंतवैद्य दरवर्षी येऊन त्या मुलांचे दात मोजू लागले. १३ वर्षांच्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिकांचा एकही दात किडलेला नव्हता. राज्याच्या सरकारी शाळांत त्याच वयाची अशी मुलं शेकड्यात एकही निघत नव्हती. गंमत म्हणजे होपवुडची मुलं दात काही फार स्वच्छ घासत नसत, अनेकांच्या हिरड्या सुजलेल्या असायच्या.

मग ही मुलं मोठी झाली, घराबाहेर पडू लागली, बाहेरचं खाऊ लागली, आणि किडीचं प्रमाण इतरांसारखं वाढू लागलं. म्हणजे लहानपणीच्या आहाराने दात कायमचे वज्रासारखे झाले नव्हते. हेही एक महत्त्वाचं उत्तर होतं, आणि ते मुलं आवाराबाहेर पडली म्हणून मिळालं. पण जेवण कुणी ठरवलेलं, तपासणीला हो कुणी म्हटलेलं? घरच्यांनी नव्हे, घर चालवणाऱ्याने. संस्थेचा प्रमुख हो म्हणाला की सगळी मुलं हो म्हणाली, हा हिशेब लक्षात ठेवा. तो पुढे आपल्या देशात भेटणार आहे.

दुसरं उत्तर अमेरिकेने शोधलं: एकेक कुटुंब गाठण्यापेक्षा अख्खं शहरच घ्या. ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने २१ शहरांतल्या ७,२५७ मुलांचे दात तपासून पाण्यातलं फ्लोराइड आणि कीड यांचं नातं मांडलं होतं. पुढची पायरी म्हणजे फ्लोराइड मुद्दाम घालून बघणं. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते घालायला सुरुवात झाली. शेजारचं मस्कीगन शहर तुलनेसाठी तसंच ठेवलं. १५ वर्षं सुमारे ३०,००० शाळकरी मुलांचे दात बघायचे ठरलं. नोंदणीची कटकट नाही, कारण नळ उघडला की नोंदणी झाली. मुलं शाळेत सापडतातच, आणि नगरपालिकेचा ठराव हीच संमती.

या आखणीत गळती होणार नाही असं वाटलं होतं. ती झाली, आणि अशी झाली की कुणी कल्पना केली नसेल. काही वर्षांतच ग्रँड रॅपिड्सच्या लहान मुलांचे दात सुधारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मस्कीगनमधल्या लोकांनी साधा प्रश्न विचारला: मग आमच्या मुलांनी का थांबायचं? जुलै १९५१ मध्ये मस्कीगननेही आपल्या पाण्यात फ्लोराइड घातलं आणि तुलनेचं शहर प्रयोगातून उठून गेलं. संशोधकांना पुढची तुलना आपल्याच जुन्या आकड्यांशी आणि इलिनॉयमधल्या ऑरोरा शहराशी करावी लागली, जिथल्या पाण्यात फ्लोराइड मुळातच होतं. प्रयोग सुरू झाल्यावर जन्मलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली हा निष्कर्ष टिकला. पण शास्त्राच्या पुस्तकांत मस्कीगनचा उल्लेख जरा नाराजीच्या सुरात येतो, आणि मला ती नाराजी पटत नाही. ज्यांना तुलनेसाठी बसवून ठेवलंय त्यांनाही वर्तमानपत्र वाचता येतं. या साऱ्या इतिहासात पालकांनी स्वतः घेतलेला हा पहिला ठळक निर्णय आहे, आणि तो योग्य होता.

हडसन नदीकाठच्या न्यूबर्ग आणि किंग्स्टन या जोडीचं थोडक्यात सांगतो. तिथे मे १९४५ मध्ये न्यूबर्गच्या पाण्यात फ्लोराइड आलं. दातांपलीकडे मुलांची उंची, वजन, हाडं, लघवी हेही बालरोगतज्ज्ञांकडून तपासायचं ठरलं होतं. दात शाळेतल्या बाकावर बघता येतात, हाडांच्या एक्स-रेसाठी मात्र आईला पोराचा हात धरून यावं लागतं. असं दहा वर्षं चालवायचं होतं. इथून पुढे आपला विषय खरा सुरू होतो, कारण आता शहराच्या ठरावाने भागत नव्हतं.

आता १९९७ मध्ये येऊ. दाढेत चांदी भरणं आपल्याला माहीत आहे. त्या चांदीत पारा असतो. त्या पाऱ्याची सूक्ष्म मात्रा मुलांच्या मेंदूला किंवा मूत्रपिंडाला अपाय करते का, यावर दीडशे वर्षं भांडणं चालली होती. ती मिटवायची तर एकच मार्ग: काही मुलांना चांदी, काहींना दातांच्या रंगाचं पांढरं मटेरियल, कुणाला काय हे चिठ्ठीने, आणि मग वर्षानुवर्षं बुद्धी, स्मरण, लघवी सगळं मोजत राहणं. अमेरिकी सरकारच्या पैशाने असे दोन प्रयोग एकाच सुमारास उभे राहिले. दोघांनी मुलं शोधली ती अगदी वेगळ्या ठिकाणी.

पहिला न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टन शहर आणि मेन राज्यातलं फार्मिंग्टन. हवी होती ६ ते १० वर्षांची मुलं: तोंडात आधीची चांदी एकही नको, पण किडलेल्या दाढा किमान दोन हव्यात. आता विचार करा, १९९७ च्या बॉस्टनमध्ये किडलेल्या दाढा तशाच ठेवून हिंडणारं मूल कुणाचं असेल? ज्या घराला दंतवैद्य परवडत नाही, त्या घराचं. पाच हजारांहून अधिक मुलं तपासून शेवटी हाती लागली ५३४. बदल्यात काय होतं? पाच वर्षं दातांचे उपचार फुकट.

इथे मी जरा थांबतो. फुकट उपचार हे आमिष आहे का? नैतिकतेची पुस्तकं म्हणतात, मोबदला इतका मोठा नको की माणूस आपला विवेक बाजूला ठेवेल. ठीक आहे. पण दुसरीकडे सहा वर्षांच्या मुलाची दाढ ठणकते आहे, रात्री घर जागं आहे, आणि समोर खुर्ची, डॉक्टर, इंजेक्शन सगळं तयार आहे. त्या आईला हो म्हणायला कुणी भाग पाडलं असेल तर ते संशोधकांनी नाही, ज्या व्यवस्थेने त्या दाढा तशाच ठेवल्या तिने. माझं मत असं की उपचार देणं चूक नव्हतं. ते न देता फक्त मोजून पाठवणं हे जास्त लाजिरवाणं झालं असतं. पण हे मान्य करायला हवं की ज्या मुलांना दंतवैद्य सहज मिळतो ती मुलं या प्रयोगात येऊच शकत नव्हती, आणि निष्कर्षाचा फायदा मात्र त्यांनाही झाला.

दुसरा प्रयोग पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. तिथे कासा पिया नावाची सरकारी संस्था आहे, १७८० मध्ये अनाथ मुलांसाठी स्थापन झालेली. विसाव्या शतकाअखेर तिच्या अनेक शाळा होत्या. काही मुलं वसतिगृहात राहत, काही घरून येत. ८ ते १० वर्षांची ५०७ मुलं निवडली गेली आणि सात वर्षं बघितली गेली. संशोधकांच्या दृष्टीने ही सोन्यासारखी जागा: पत्ता बदलत नाही, शाळा सुटत नाही, चाचणीला मूल वर्गातून बोलावता येतं. होपवुडचा जुना हिशेब, फक्त आता पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता यांच्या सहीसह.

आणि मग नोव्हेंबर २००२ मध्ये पोर्तुगालमधल्या वर्तमानपत्रांतून कासा पियातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं बाहेर आली. देश हादरला. खटला वर्षानुवर्षं चालला, २०१० मध्ये शिक्षा झाल्या. दातांच्या प्रयोगाशी त्या गुन्ह्यांचा संबंध नव्हता. तरी मला तो योगायोग सोडवत नाही. ज्या कारणाने ती मुलं संशोधनाला सोयीची होती, म्हणजे एका जागी असणं, मोठ्यांनी बोलावलं की येणं, तक्रार घेऊन जायला बाहेर फारसं कुणी नसणं, त्याच कारणाने ती इतरांनाही सोयीची होती. संस्थेतल्या मुलांवर संशोधन करताना जास्तीची काळजी घ्या असं नियमांत लिहिलेलं असतं. त्या वाक्याचा अर्थ मला कासा पियाबद्दल वाचताना नीट कळला.

दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एप्रिल २००६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले: चांदीवाल्या आणि पांढऱ्या मटेरियलवाल्या मुलांच्या बुद्धिमापनात, वागणुकीच्या चाचण्यांत लक्षणीय फरक नाही. लिस्बनमध्ये पुढच्या वर्षांत पांढरं मटेरियल भरलेल्या मुलांना दुरुस्तीची गरज साधारण दीडपट पडली. आज चांदीबद्दल जो काही वाद होतो त्यात या हजारभर मुलांचा दाखला दोन्ही बाजू देतात.

मुलं आली, पण टिकली का, हा यापुढचा भाग. गळतीबद्दल लोकांचा समज असा असतो की शंभरातली वीस गेली तर ऐंशी उरली, काय बिघडलं? बिघडतं असं की जाणारे वीस आणि राहणारे ऐंशी सारखे नसतात. घर बदलणारे, नोकरी गेलेले, आई-वडील वेगळे झालेले, यांची मुलं आधी जातात, आणि कीडही त्याच घरांत जास्त असते. मग उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष सुखवस्तू घरांचा निष्कर्ष होतो.

हे कसं टाळावं याचा नमुना न्यूझीलंडच्या डनीडिनमध्ये आहे. तो उपचाराचा प्रयोग नव्हे, दीर्घ पाहणी आहे, पण दात तिच्यात पहिल्यापासून आहेत. एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ दरम्यान जन्मलेली १,०३७ मुलं. ती ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला आली. कशी? परदेशी गेलेल्यांचं विमानाचं तिकीट काढलं जातं. आपलं बोलणं बाहेर जाणार नाही याबद्दल लोकांची पक्की खात्री आहे. २००२ मध्ये याच पाहणीतून निघालं की लहानपणी गरिबीत वाढलेल्यांचे दात २६ व्या वर्षीही वाईट होते, मधल्या काळात परिस्थिती सुधारली तरीही. गरीब घरांतली मुलं गळून गेली असती तर हे वाक्य लिहायलाच मिळालं नसतं.

स्कॉटलंडमध्ये वेगळी युक्ती केली गेली. ॲबरडीनकडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य किडलेल्या दुधाच्या दाढेवर, न कोरता आणि इंजेक्शन न देता, सरळ धातूची टोपी बसवत. ही पद्धत चालते का हे बघायला १३२ मुलं घेतली, आणि प्रत्येक मुलाच्या तोंडात एका बाजूला टोपी, दुसऱ्या बाजूला नेहमीचं कोरून भरणं. यात मूल गळालं तरी दोन्ही बाजू बरोबरच जातात, तुलना लंगडी होत नाही. शिवाय मुलांना विचारलं, काय बरं वाटलं? बहुतेकांनी टोपी सांगितली. २००७ मध्ये हे छापून आलं. मला त्यातला हा प्रश्नच सगळ्यात आवडतो. होपवुडच्या मुलांना असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

पुढे ब्रिटनमध्ये फिक्शन नावाची मोठी चाचणी झाली. ३ ते ७ वर्षांची १,१४४ मुलं, ७२ नेहमीचे दवाखाने. कोरून भरणं, न कोरता कीड झाकणं, की नुसती काळजी घेणं, असे तीन गट. दुखणं किंवा पू होण्याचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के निघालं, म्हणजे फरक जवळपास नाही. संस्था नाही, शाळा नाही, आपल्या गल्लीतला दवाखाना. तिथेही जुनी अडचण होतीच: दात दुखत नसेल तर मुलाला कोण आणतं?

अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांच्या प्रदेशात बालवाड्यांमधून झालेला प्रयोगही सांगायला हवा. नाव्हाहोंचं स्वतःचं संशोधन-परीक्षण मंडळ आहे, त्याच्या मंजुरीशिवाय तिथे काही करता येत नाही. दातांना फ्लोराइडचा लेप देणारे, घरोघरच्या पालकांशी बोलणारे कार्यकर्ते त्यांच्यातलेच होते. सगळं नीट आखलेलं होतं. बालवाडीतल्या मुलांना लेप मिळाला, पण पालकांच्या सत्रांना पालक फारसे आले नाहीत. शेवटी कीड काही घटली नाही. २०१६ मध्ये हा निष्कर्ष जसाच्या तसा छापला गेला, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते.

आता आपल्याकडे. दातांचं नाही, पण याच प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना दिलेली एचपीव्ही लस. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला. काही मुलींचे मृत्यू झाले होते, ते लशीमुळे झाले नाहीत असं चौकशीत निघालं. पण संमतीच्या कागदांनी देशाला धक्का दिला. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालाप्रमाणे आंध्रात तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केलेल्या होत्या. आई-वडील दूरच्या पाड्यावर, मुलगी आश्रमशाळेत, सही वॉर्डनची. व्हिपेहोल्म, होपवुड, कासा पिया, आणि खम्मम.

दातांच्या बाबतीत आपल्याकडची नेहमीची वाट शाळेतूनच जाते. मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं की काम झालं असं मानायची सवय जुनी आहे. कागदोपत्री नियम आता स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार लागतो. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज भरून देता येतो, ते आमिष धरलं जात नाही. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो: मागा.

पण टिकण्याचा प्रश्न कागदाने सुटत नाही. बीडकडचं ऊसतोड कुटुंब घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता निघतो, तो कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतो. कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. पोरं कधी बरोबर, कधी आजीकडे. जूनमध्ये शाळेत नोंदवलेलं मूल डिसेंबरच्या तपासणीला नसतं. यादीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं लिहिलं जातं, आणि दोन तपासण्या चुकल्या की नाव वगळलं जातं. मूल कुठे आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं: कोणता कारखाना, कोणती टोळी. विचारलं तर मुकादमाचा नंबरही मिळतो. डनीडिनवाले विमानाचं तिकीट काढतात. इथे एसटीच्या तिकिटात तपासणारा माणूस फडापर्यंत पोचू शकतो, संध्याकाळी, कोपीवर माणसं परतल्यावर. तिथे त्याला आईही भेटेल, आणि सात वर्षांचं मूल असेल तर त्यालाही विचारता येईल की तोंड उघडायचंय का तुला. ते नको म्हणालं, तर तेही यादीत लिहायचं.